माझ्याच नावाचा जन्मदाखला

पत्र :

ताई,

माझं वय ४१, बाबांचं ७३. अकरा महिन्यांपूर्वी आई गेली. तिच्या कपाटातली कागदपत्रं आवरताना बँकेच्या जुन्या पासबुकांखाली एक पाकीट सापडलं. आत जन्मदाखला होता. नाव माझं, आईवडिलांची नावं बरोबर, पण तारीख माझ्या जन्माच्या दोन वर्षं अकरा महिने आधीची. आधी वाटलं, कारकुनाची चूक असेल. पण त्याच पाकिटात लहान मुलाचा एक लोकरीचा पायमोजा होता. एकच.

आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती, मग सगळं बोलून मोकळी झाली. माझ्याआधी आईबाबांना एक मुलगा होता. अडीच वर्षांचा होऊन तापात गेला. रात्री आई म्हणत होती डॉक्टरांकडे नेऊ, बाबा म्हणाले सकाळी बघू. सकाळी उशीर झाला होता. त्यानंतर घरात त्याचा विषय काढायचा नाही असं ठरलं, आणि मी झाल्यावर तेच नाव मला ठेवलं. ‘मी सांगितलं हे अण्णाला कळू देऊ नकोस,’ अशी तिने मला शपथ घातली.

ताई, बाबांचं आणि माझं कधीच पटलं नाही. शाळेत दुसरा नंबर आला तेव्हा त्यांनी गुणपत्रिका बघितली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. सहलीला कधी पाठवलं नाही, पोहायला शिकू दिलं नाही. अकरा वर्षांचा असताना खेळून उशिरा आलो म्हणून मित्रांसमोर कानफटात मारली. साधा ताप आला तरी रात्री दोन-तीनदा येऊन कपाळाला हात लावून जायचे, एक शब्द न बोलता. मला तो पहारा वाटायचा. नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय काढला तेव्हा वर्षभर अबोला. काही हवं असलं की मी आईला सांगायचो, आई त्यांना सांगायची. गेले तीन महिने मी त्यांच्याकडे गेलेलो नाही. फोन केला तर ‘बरा आहे’ म्हणून ठेवून देतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाशी मात्र तासतास बोलतात. मला ते बघवत नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

आता सगळं उलगडलं. त्यांना मी नको होतो, गेलेल्याच्या जागी बदली हवा होता, आणि बदली कमी पडला म्हणून हा जन्मभराचा राग. पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल, सगळे नातेवाईक जमतील. त्या दिवशी दाखला त्यांच्यापुढे ठेवून जाब विचारायचा असं मी ठरवलं आहे. बहीण म्हणते, या वयात त्यांना कशाला छळतोस. बायको म्हणते, विचार, पण एकट्यात. मी काय करू? आणि माझ्या मुलाला हे सांगू का?

– नाव छापू नये

उत्तर :

तो दाखला त्या दिवशी सगळ्यांसमोर ठेवू नका. हे आधी सांगून टाकते, कारण दिवस जवळ आला आहे. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

चारचौघांत विचारलंत तर बाबांपुढे दोनच वाटा राहतात, कानावर हात ठेवणं किंवा उठून आत जाणं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, बायकोला जाऊन वर्ष होतंय, समोर सगळं गणगोत, त्यातल्या निम्म्यांना हे आधीपासून माहीत. अशा वेळी कोणीही खरं बोलत नाही. ते आत निघून गेले की तुम्हाला वाटेल, बघा, शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. मग पुढची दहा वर्षं त्याच दिवसावर जातील. (नातेवाइकांच्या प्रत्येक मेळाव्यात कुणीतरी काहीतरी उकरून काढतंच. ते काम दुसऱ्या कुणाला करू द्या.) तुमच्या बायकोचं बरोबर आहे. विचारा, पण एकट्यात. बहिणीचंही निम्मं बरोबर आहे, त्यावर पुढे येते.

आता तुमच्या रागाबद्दल. तो अगदी योग्य आहे. आपलं नाव आपल्याआधी दुसऱ्याचं होतं हे एक्केचाळिसाव्या वर्षी पासबुकांच्या गठ्ठ्याखालून कळावं, ही साधी गोष्ट नाही. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवण्याची उदाहरणं जगात कमी नाहीत. बेथोव्हेनच्या आधी त्याच्या आईबापांना लुडविग नावाचाच मुलगा झाला होता, १७६९ साली, तो सहा दिवस जगला. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३चा आणि त्याच्या मृत जन्मलेल्या भावाचा ३० मार्च १८५२चा. त्या भावाचं नावही व्हिन्सेंट. वडील ज्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते त्याच्याच आवारात थडगं, त्यावर स्वतःचं नाव, आणि हा मुलगा त्याच परिसरात वाढलेला. साल्वादोर दालीचा थोरला भाऊ, तोही साल्वादोर, ऑगस्ट १९०३मध्ये गेला आणि दाली मे १९०४मध्ये जन्मला. हा विषय दालीने आयुष्यभर सोडला नाही. १९६३ साली, साठीला टेकल्यावर, त्याने त्या कधीच न पाहिलेल्या भावाचं चित्र काढलं. तेव्हा तुम्हाला हे लागलं आहे त्यात नवल नाही, आणि ‘नावात काय आहे’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

तुम्ही ‘बदली’ म्हणालात. मानसोपचारात ही कल्पना १९६४पासून आहे. अमेरिकेत केन दांपत्याने मूल गमावलेल्या काही कुटुंबांचा अभ्यास मांडला होता. गेलेल्याच्या जागी जन्माला घातलेल्या मुलांवर त्या गेलेल्या मुलाची सावली कशी पडते, आईबाप त्यांना काचेच्या भांड्यासारखं कसं जपतात आणि तरी सतत तुलना कशी करतात, हे त्यात होतं. सहल नाही, पोहणं नाही, कपाळावर हात, हे वाचून तुम्ही म्हणाल, हे तर माझंच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ती कुटुंबं उपचारांसाठी आलेली होती, म्हणजे जिथे बिघडलं होतं तीच मोजली गेली. दुसरी गोष्ट तुमच्याच पत्रात आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली आहे.

तारखांचा हिशेब करा. भाऊ तुमच्यापेक्षा दोन वर्षं अकरा महिन्यांनी मोठा. आत्या म्हणते तसा तो अडीच वर्षांचा होऊन गेला असेल, तर तो गेला तेव्हा तुमच्या जन्माला पाच महिने होते. तुम्ही आईच्या पोटात होता. तो गेला म्हणून तुम्हाला आणलं गेलं नाही. तो हसतखेळत घरात होता तेव्हाच तुम्ही येणार हे ठरलं होतं. तुम्ही त्याची बदली नव्हता, त्याचा धाकटा भाऊ म्हणून येणार होता. नाव तेच का ठेवलं, हा प्रश्न तरीही उरतोच आणि तो विचारण्यासारखा आहे. पण ‘मी नकोच होतो’ हे वाक्य या तारखांपुढे टिकत नाही.

हा हिशेब तुम्हाला सुचला नाही, कारण पाकीट सापडल्यावर तुम्हाला एक कारण मिळालं आणि त्या एका कारणाने चाळीस वर्षांची सगळी कुलपं उघडली. माझं खरं म्हणणं इथेच आहे. उशिरा कळलेलं गुपित फार मोहात पाडतं. जे जे कधी समजलं नव्हतं ते सगळं त्याच्या नावावर टाकता येतं. गुणपत्रिका? गुपित. कानफटात? गुपित. व्यवसायावरून अबोला? तेच. पण मुलाने पक्की नोकरी सोडली म्हणून वर्षभर न बोलणारे बाप अशाही घरांत आहेत जिथे कुणी मूल गेलेलं नाही. दुसऱ्या नंबरावर तोंडातून बरा शब्द न काढणारे तर किती आहेत. तुमच्या बाबांचा स्वभाव मुळातच अबोल आणि हट्टी असू शकतो, आणि त्यातच ही आपत्ती कोसळली असू शकते. कुठलं कशामुळे झालं हे तुम्ही, मी, आत्या, कोणीच बाहेरून ठरवू शकत नाही.

मला स्वतःला दुसरीकडचा मोह होतो आहे, तोही सांगते. पत्रात तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंत, रात्री दोन-तीनदा येऊन कपाळाला हात लावून जायचे, ते वाचून मी थांबले. ‘सकाळी बघू’ म्हणून ज्याने एक मूल गमावलं असं आत्या सांगते, तो माणूस पुढच्या मुलाच्या तापात रात्रभर झोपत नाही. किती सहज जुळतं सगळं! कठोर बाप आतून हळवा निघाला, मुलाचे डोळे पाणावले, पत्र संपलं. पण ही गोष्टसुद्धा मी रचलेली आहे. तुम्ही रचलेली कडू, मी रचलेली गोड, एवढाच फरक. खरं काय ते सांगू शकेल असा माणूस एकच उरला आहे, आणि त्याच्याकडे तुम्ही तीन महिने गेलेला नाही.

आत्याच्या हकिकतीबद्दलही थोडी शहानिशा हवी. त्या रात्री ती त्या घरात होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर ‘आई म्हणत होती, बाबा म्हणाले’ हे तिने कुणाकडून तरी ऐकलं असणार, बहुधा दुःखाने वेड्या झालेल्या तुमच्या आईकडून. अशा वेळी घरात दोष कुणाच्या तरी पदरात पडतो आणि एकदा पडला की तिथेच राहतो. शिवाय त्या रात्री नेलं असतं तर तो वाचला असता, हे कुणी ठरवलं? मेंदूच्या आवरणाला होणारा जंतुसंसर्ग, म्हणजे मेनिंजायटिससारखा आजार, चोवीस तासांत मुलाचा जीव घेऊ शकतो, आणि सुरुवातीला तो साध्या तापासारखाच दिसू शकतो. भावाला काय झालं होतं हे आपल्याला माहीत नाही. म्हणूनच ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द हातात धरून बाबांपुढे जाऊ नका. गेली एक्केचाळीस वर्षं ते शब्द त्यांनी स्वतःला किती वेळा ऐकवले असतील, कुणास ठाऊक.

तुमच्या मनात प्रश्न असेलच, त्यांनी हे का लपवलं? सगळंच उत्तर माझ्याकडे नाही, पण त्या काळाबद्दल थोडं सांगता येईल. मूल गेलेल्या आईबापांना तेव्हा डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच सांगत, विसरा आणि दुसरं होऊ द्या. अनेक देशांतल्या रुग्णालयांत मृत जन्मलेलं बाळ आईला दाखवतही नसत, तेच तिच्या हिताचं आहे असं समजून. दुःख बोलायचं असतं, गेलेल्याशी नातं तोडावं लागत नाही, हा विचार बऱ्याच उशिरा रुजला. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९मध्ये ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून जागाच देत नाही त्याविषयी लिहिलं. त्यात बाप हमखास बसतात. मूल गेल्यावर लोक बापाला भेटतात तेव्हा विचारतात, ‘ती कशी आहे?’ तो कसा आहे हे विचारायचं राहून जातं. तुमच्या घरी तर आई चार-पाच महिन्यांची गरोदर. ‘पोटातल्यासाठी तरी रडू नकोस, विषय नको’ असं कुणी म्हटलं असेल तर ते वाईट हेतूने नसेल. बाबा तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, आजच्या तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान.

आणि तरीही एक विचित्र गोष्ट त्या घरात झाली. ज्याचा विषय काढायचा नाही असं ठरलं, त्याच्याच नावाने दिवसभर हाका मारल्या जात होत्या. ये, जेव, अभ्यासाला बस. हे त्यांना सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला ते नाव फक्त तुमचं वाटत होतं, कारण तुम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मूल गमावल्याचं दुःख आईबापांचं खाजगी होतं, ते कुणाला सांगायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा. पण नाव तुम्हाला दिलं त्या दिवसापासून ती माहिती तुमचीही झाली होती. ती द्यायला हवी होती. वीस वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती. हे मी तुमच्या बाजूने म्हणते आहे, आणि हेच मी तुमच्या आईलाही म्हटलं असतं.

होय, आईला. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं, आईवरचा राग त्यात कुठेच नाही. पाकीट मात्र तिच्या कपाटात होतं, तिच्या पासबुकांखाली. कदाचित बाबांना ते माहीतही नसेल. तिनेही तुमच्यापासून तेवढीच वर्षं लपवलं. शिवाय तुमचा निरोप त्यांच्याकडे आणि त्यांचा तुमच्याकडे पोचवत राहिल्यामुळे तुम्हा दोघांवर एकमेकांशी बोलायची वेळच आली नाही. मरे बोवेन हे कुटुंबांवर काम केलेले अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी हे नीट मांडलं आहे : दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये घेतात. त्रिकोण झाला की ताण तात्पुरता निवतो आणि म्हणूनच मूळ भांडण कधी मिटत नाही. तुमच्या त्रिकोणातला मधला माणूस गेला. तुमच्यातलं अंतर पाकीट सापडल्याने पडलेलं नाही. अकरा महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हा ते उघडं पडलं. ‘बरा आहे’ म्हणून फोन ठेवणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य कसं बोलायचं तेच माहीत नसेल, कारण पुढचं वाक्य नेहमी आई बोलायची.

गेलेल्या आईवर रागावणं जड जातं, म्हणून तो सगळा जिवंत असलेल्या बापाच्या वाट्याला येतो. तुम्ही मुद्दाम करत नाही, पण तसं होतं आहे. तिच्यावर थोडं रागवा. तिचं काही बिघडणार नाही, आणि बाबांवरचं ओझं आहे तेवढंच राहील.

मग बाबांशी बोलायचं ते कसं? त्याआधी चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, त्यांना न देण्यासाठी एक पत्र लिहा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६मध्ये असाच प्रयोग विद्यार्थ्यांवर केला होता, चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायचं. लिहून उठल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या कमी झाल्या. तुमच्या बाबतीत फायदा आणखी साधा आहे. कानफटात, गुणपत्रिका, अबोला, नाव, सगळं कागदावर येऊ द्या. मग त्यात दोन वेगळी प्रकरणं दिसतील. एक, भावाचं जाणं आणि ते लपवणं. दुसरं, बाबा तुमच्याशी कसे वागले. ही दोन एकाच दिवशी काढू नका. पहिल्यात ते दुःखी माणूस आहेत, दुसऱ्यात तुम्ही. एकाच बैठकीत दोघं दुःखी असले की कोणी ऐकत नाही.

पहिलं आधी. वर्षदिनाच्या आधी जमलं तर उत्तम, नाहीतर तो होऊन गेल्यावर. त्यांच्याकडे जा, एकटे. समोरासमोर बसून नको. असे पुरुष समोर बसवले की आरोपीसारखे ताठ होतात. काहीतरी करत असताना बोला, चालताना, काही दुरुस्त करताना, जुने कागद लावताना. आईची कागदपत्रं अजून आवरायची असतील तर ते निमित्त आपसूक आहेच. वाक्य छोटं असू द्या. ‘बाबा, आईच्या कपाटात मला दादाचा जन्मदाखला मिळाला. मला कळलंय. तुम्हाला वाटेल तेव्हा मला त्याच्याबद्दल सांगा.’ एवढंच. मग गप्प राहा, आणि ही शांतता तुमच्याच्याने सहन होणार नाही हे गृहीत धरून गप्प राहा.

‘दादा’ मी मुद्दाम म्हटलं. तो तुमचा मोठा भाऊ होता. एकच नाव दोघांचं असल्यामुळे घरात त्याला हाक मारायला शब्दच उरला नसेल. तो तुम्ही द्या.

‘का लपवलंत’ हा पहिला प्रश्न नको. त्याला उत्तर म्हणून सफाईच मिळते. ‘तो कसा होता’ हे विचारा. बोलायला लागला होता का, कुणासारखा दिसायचा. त्याच्याबद्दल हे प्रश्न बाबांना चार दशकांत कुणी विचारले नसतील. कपाळाला हात लावण्याबद्दल विचारावंसं वाटलं तर तेही विचारा, पण उत्तर तुमच्या मनात आधीच तयार ठेवून नको. पायमोजा एकदम काढून हातात देऊ नका. आईने काय काय ठेवलं होतं ते तोंडी सांगा आणि बघायचं आहे का विचारा. नको म्हणाले तर नको.

ते ‘कोणी सांगितलं?’ म्हणतील. तुम्ही म्हणा, दाखला सापडला, बाकीचं तुमच्याकडून ऐकायचं आहे. हे खोटं नाही, आत्याचं नावही येत नाही. पण त्यांनी थेट तिचं नाव घेऊन विचारलं तर खोटं बोलू नका. घरात लपवाछपवी आधीच पुरेशी झाली आहे.

आता बहीण. या वयात छळू नये हे तिचं म्हणणं खरं आहे, फक्त विषय काढला नाही म्हणजे छळ होत नाही, हे तिने गृहीत धरलं आहे. मायकल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये गुपितांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. लोकांना वाटतं, गुपिताचा त्रास म्हणजे बोलताना जपून बोलावं लागण्याचा. पण त्यांना दिसलं ते असं, की लपवायची वेळ त्या मानाने क्वचित येते, एकट्याने असताना मन मात्र पुन्हापुन्हा तिथे जातं, आणि माणूस खचतो तो त्याने. बाबा आता घरात एकटे आहेत. त्यांचं मन तिथे जात नसेल असं बहिणीला वाटतं का? तिला हे विचारा, आणि तुम्ही काय बोलणार आहात तेही सांगा, म्हणजे नंतर बाबा तिच्याकडे काही बोलले तर ती गडबडून जाणार नाही.

असंही होईल की बाबा काहीच बोलणार नाहीत. दाखल्याकडे बघतील, ‘ठेव तिथे’ म्हणतील. किंवा चिडतील. चिडले तर उठून या, पण आठवड्याने पुन्हा जा, आणि त्या वेळी तो विषय काढू नका. महिन्या-दोन महिन्यांनी आणखी एकदा विचारा. त्यानंतर नाही. न बोलण्याचा हक्क त्यांनाही आहे. ते बोलले नाहीत तरी तुम्ही हे मोकळेपणाने जगू शकता. दाखला तुमच्याकडे आहे, आत्या आहे, भाऊ होता हे खरं आहे, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. रडले तर पाठीवर हात ठेवायला संकोच वाटेल. वाटू द्या आणि ठेवा.

दुसरं प्रकरण, त्यांचं तुमच्याशी वागणं, त्याला वेळ लागेल. मूल गमावलेला बापसुद्धा अकरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर मारू शकत नाही, निदान मारल्यावर चुकलो म्हणायला बांधील असतो. तुम्हाला त्यांची कीव आली म्हणून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. फक्त ती सांगताना प्रसंग सांगा, निकाल नको. ‘तुम्ही माझ्यावर कधी प्रेम केलं नाही’ यावर कुठल्याही बापाकडे उत्तर नसतं. ‘त्या दिवशी तुम्ही मला मित्रांसमोर मारलंत, ते मला अजून लागतं’ यावर असू शकतं. माफी मिळेलच असं नाही. ‘तेव्हा तसं झालं खरं’ एवढंच पदरात पडलं तरी तुमच्या बाबांच्या मानाने ते खूप असेल. पुरेसं वाटलं नाही तर तसं वाटू द्या. प्रत्येक नातं पूर्ण बरं होत नाही, आणि पुष्कळ लोक अर्ध्या बऱ्या झालेल्या नात्यात ठीकठाक राहतात.

तुमच्या मुलाशी ते तासतास बोलतात हे बघवत नाही, यात लाज कसली? जे आपल्याला मिळालं नाही ते आपल्यासमोर दुसऱ्याला मिळालं की पोटात तुटतंच, तो दुसरा आपला मुलगा असला तरी. फक्त ते त्याच्यावर काढू नका, आणि फोन त्याच्या हातातून काढून घेऊ नका. आजोबांना गप्पा मारता येतात हे त्याच्यामुळेच तर कळलं.

त्याला सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला मरण कळतं. साधारण सातव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना गेलेलं माणूस परत येत नाही आणि मरण सगळ्यांनाच येतं हे उमगलेलं असतं. पण आधी बाबांशी बोला, मगच मुलाला. नाहीतर एखाद्या फोनवर तो सहज आजोबांना विचारून बसेल, आणि तुमचं बोलणं त्याच्या तोंडून होईल. म्हणजे पुन्हा मध्ये तिसरा आला. सांगताना दोन-तीन वाक्यं पुरतात. मला एक मोठा भाऊ होता, तो लहानपणी आजारी पडून गेला, आजीआजोबांना फार वाईट वाटलं म्हणून ते बोलायचे नाहीत. ‘सकाळी बघू’ त्यात आणायचं कारण नाही. ते बाबांचं आहे, सांगायचं तर तेच सांगतील. साधा ताप आला तर मी पण मरेन का, असं तो बहुधा विचारेल. ताप बहुतेक वेळा बरा होतो, आणि तुला ताप आला की आम्ही लक्ष ठेवतो, असं स्पष्ट सांगा. हे विचारायला तो दोन दिवसांनी झोपताना येईल, तेव्हा तयार असा.

आणि बाबांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी आत्याला फोन करा. तुम्ही बोलणार आहात हे तिला तुमच्याकडूनच कळू दे. तिनेही हे एवढी वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि शपथ घातली ती घाबरून घातली आहे.